वळकटीतली वाट

चौकशी समितीसमोर मी तीनदा एकच वाक्य बोलले. "पिशवी खुंटीवर होती." ते खरं होतं. खोटं बोलायची मला सवय नाही. आमच्या कराडच्या घरात कुणी खोटं बोललं की आई त्या दिवशी जेवायला वाढायची नाही, तेवढा धाक पुरेसा होता. पण अर्धंच खरं सांगितलं तर काय करायचं, हे आईनं ठरवून ठेवलं नव्हतं.

पहिल्यापासून सांगते. मध्येच माझा आवाज चढेल, तेवढं चालवून घ्या.

मी अश्लेषा मोहिते. बर्फाच्या थरांचा अभ्यास करते. कराडच्या बाईनं बर्फाचा अभ्यास करावा याचं लोकांना हसू येतं. "तिकडं बर्फ फक्त गोळ्याच्या गाडीवर असतो ना?" हा विनोद मी आजवर शंभर वेळा ऐकलाय, आणि सांगणाऱ्याला प्रत्येक वेळी तो नवाच वाटतो. हिमालयाच्या पलीकडच्या कुशीत, जिथं पावसाचे ढग पोचतच नाहीत, तिथं खुरलिंग नावाचं एकतीस घरांचं गाव आहे. दहा वर्षांपूर्वी मी तिथं हवामान केंद्र लावायला गेले आणि तिथलीच झाले.

गावाचं दुखणं साधं होतं. वरची हिमनदी आटत चालली होती. पूर्वी एप्रिलमध्ये तिचं पाणी यायचं आणि त्यावर सातू आणि मटाराची पेरणी व्हायची. आता पाणी यायचं जुलैत, म्हणजे वरातीमागून आलेल्या घोड्यासारखं. दोन वर्षं पेरणी बुडाली होती. सरकारी कागद तयार होता: तिसऱ्या वर्षी पेरणी झाली नाही तर गाव उठवायचं आणि खाली मैदानात पत्र्याच्या वसाहतीत नेऊन टाकायचं.

माझा धाकटा भाऊ संग्राम मला भेटायला म्हणून पंधरा दिवसांसाठी आला होता. औषधनिर्माणाची पदवी घेऊन घरी बसला होता, नोकरी नव्हती. इथं आला, यांगचेन नावाची मुलगी बघितली, आणि पंधरा दिवसांचे पंधरा महिने झाले. मग लग्न. गावातल्या आरोग्य केंद्रात औषधं द्यायचं काम त्याला मिळालं. यांगचेन त्याच्याकडून मराठी शिकली, ती थेट कराडची. पहिल्यांदा मला म्हणाली, "आक्का, च्या टाकू का?" मी हसून हसून खाली बसले.

आता बर्फाचं सांगते.

माझ्या पहिल्याच हिवाळ्यात, एका दुपारी, समोरच्या उतारावर बर्फाचे गोळे आपले आपण घरंगळताना मी बघितले. माणूस नाही, जनावर नाही. वारा सुटला आणि दहा-वीस ठिकाणी बर्फ आपणहून गुंडाळत खाली यायला लागला, प्रत्येकाच्या मागे त्यानं खरवडलेला पट्टा. नुसते गोल गोळे नव्हेत. गुंडाळून ठेवलेल्या गादीसारखे, मधून आरपार पोकळ. संग्राम म्हणाला, "आयला, ह्या तर वळकट्या!" तेच नाव पडलं.

हे निसर्गात क्वचित होतं, कारण त्याला बऱ्याच गोष्टी एका वेळी जुळून याव्या लागतात. खाली जुना, कडक, गुळगुळीत बर्फ हवा. त्यावर दोन-तीन बोटं नवा बर्फ हवा आणि तो शून्य अंशाच्या किंचित वर गेलेला, ओलसर, चिकट हवा. वारा ताशी चाळीस ते पन्नास किलोमीटर. कमी पडला तर वळकटी हलत नाही, जास्त झाला तर फुटते. आतले पहिले वेढे सैल असतात, ते वाऱ्यानं उडून जातात, म्हणून मध्ये भोक राहतं.

मला हे बघून काय आठवलं असेल? सुरळीच्या वड्या. ताटाच्या पाठीवर पिठाचा पातळ थर पसरायचा, खाली तेलाचा हात, गरम आणि गारच्या मधली वेळ साधायची आणि सुरळी करायची. तेल नसेल तर चिकटतं, वेळ चुकली तर तुटतं. आईच्या हाताखाली मी हे हजारदा केलं होतं. म्हटलं, डोंगराच्या पाठीला तेलाचा हात लावता आला तर?

काही थंड समुद्रांतल्या माशांच्या रक्तात एक प्रथिन असतं. ते बर्फाच्या कणाला चिकटून बसतं आणि त्याला पुढे वाढू देत नाही, म्हणून तो मासा गोठत नाही. तसलंच प्रथिन आम्ही सूक्ष्मजीवांकडून टाक्यांमध्ये करून घेतलं आणि नोव्हेंबरात उतारावर फवारलं. म्हणजे जुना आणि नवा बर्फ एकमेकांना धरणारच नाहीत. वर डोंगराच्या धारेवर तीनशे पेट्या बसवल्या. बटण दाबलं की प्रत्येक पेटीतून मुठीएवढे बर्फाचे गड्डे सुटतात. ते बी. पुढचं काम वारा करतो. वळकट्या उतरत येतात आणि गावाच्या वर, डोंगराच्या सावलीत खोदलेल्या लांब चरात पडतात. घट्ट गुंडाळलेला बर्फ सावलीत एप्रिलपर्यंत टिकतो. हिशेब असा की वीस हजार वळकट्या म्हणजे चाळीस लाख लिटर पाणी, म्हणजे पेरणीची पहिली दोन पाणी.

एक अडचण होती. ताटाची पाठ गुळगुळीत हवी. उतारावरून थुमला खिंडीकडे जाणारी वाट होती आणि तिच्या कडेनं पिढ्यान् पिढ्या रचलेले दगडांचे ढीग होते, उंच लाकडी खांब होते. हिवाळ्यात त्यावरूनच वाट कळायची. वळकट्या त्यांना अडकून फुटत होत्या. मी ते सगळे काढायला लावले.

संग्राम भडकला. महिन्यातून एकदा खिंड ओलांडून पलीकडच्या रस्त्यावरून औषधं आणायची, हे त्याचंच काम. खिंडीतल्या वाऱ्यात ड्रोन टिकत नव्हते.

"आक्का, खांब काढलेस तर वाट कशी दिसायची?"

"हातातल्या यंत्रात दिसेल की. उपग्रह कशाला सोडलेत?"

"थंडीत बॅटरी मरती. तुला म्हाईत नाही व्हय?"

"मग काखेत धरून चाल."

"तू ना, बर्फाचीच झालीयस," तो म्हणाला आणि हसला. त्याला राग फार वेळ धरता यायचाच नाही, तेवढं मात्र मला धरता येतं.

खांब गेल्यावर वाटेची एकच खूण उरली, राख. खुरलिंगची जुनी रीत आहे. खिंडीकडे निघणारा माणूस आपल्या चुलीतली राख पिशवीत भरून घेतो आणि धारेपर्यंत ती मुठीमुठीनं टाकत जातो. पांढऱ्यावर करडी रेघ. परत येताना धारेवर उभं राहिलं की ती रेघ थेट गावात आणून सोडते. नवा बर्फ पडला आणि माणूस अजून बाहेर असला तर घरचं कुणीतरी जाऊन रेघ पुन्हा ओढतं.

आणि पिशवीचीही रीत आहे. वेशीच्या भिंतीला एकतीस खुंट्या आहेत, घरटी एक. परत आलेला माणूस वेशीतच आपली पिशवी उलटी करतो, म्हणजे आतली शिवण बाहेर काढतो, झटकतो आणि उलटीच टांगतो. म्हणजे तो घरी पोचला. पिशवी दुसऱ्या कुणाबरोबर आली, तर ती सुलटीच टांगायची. ज्याची त्यानंच उलटी करायची, दुसऱ्यानं हात लावायचा नाही. खुंटी रिकामी असो की पिशवी सुलटी असो, अर्थ एकच: माणूस बाहेर आहे. मला ही रीत इतकी आवडली की यंत्राच्या नियमावलीत मी स्वतः लिहिलं, 'बटण दाबण्यापूर्वी चालकानं वेशीवर जाऊन सर्व पिशव्या उलट्या असल्याची खात्री करावी.' माझ्याच हातचं वाक्य आहे ते.

तिसरं वर्ष. दोन हजार एक्केचाळीस सालचा फेब्रुवारी. डिसेंबरपासून वारा जुळला होता दोनदा आणि दोन्ही वेळा फुकट गेला, एकदा बर्फ कोरडा होता म्हणून, एकदा पेट्या गोठल्या म्हणून. मार्चमध्ये कागद अमलात येणार होता. लोक माझ्याशी गोडच बोलायचे, पण घराघरातून ट्रंका बाहेर काढलेल्या दिसायच्या.

चार तारखेला संग्राम खिंडीकडे गेला. दहापर्यंत येतो म्हणाला. आठला सकाळी तीन बोटं बर्फ पडला. नऊला सकाळी ऊन आलं, पारा शून्याच्या वर सरकला आणि वेधशाळेचा संदेश आला: अकरा चाळीस ते साडेबारा, वारा पंचेचाळीस. अशी वेळ पुन्हा त्या हिवाळ्यात येणार नव्हती.

अकरा वाजता मी वेशीवर गेले. तीस पिशव्या टांगलेल्या होत्याच. एकतिसावी, संग्रामची, तीही खुंटीवर होती.

मी परत फिरले, यंत्राच्या खोपटात गेले आणि अकरा बेचाळीसला बटण दाबलं.

काय सांगू तुम्हाला, काय दिसत होतं ते! धारेवर आधी नुसते ठिपके. मग ठिपक्यांच्या सुरळ्या झाल्या, सुरळ्यांच्या गाद्या, गाद्यांचे पिंप. अख्खा डोंगर आपलं अंथरूण आवरत होता. घरंगळण्याचा आवाज असा की जात्यावर शंभर बायका बसल्यात. उतारावर एक करडी रेघ होती, ताजी. ती मधूनमधून तुटली आणि मग संपूर्ण नाहीशी झाली. काही वळकट्यांच्या कडेला करडा वेढा दिसत होता. चर भरला. गावातले लोक घराबाहेर येऊन रडत होते, नाचत होते. म्हाताऱ्या सरपंचांनी माझ्या पायाला हात लावला. मी, मोहित्यांची पोर, आयुष्यात पहिल्यांदा सगळ्यांसमोर मोठ्यानं रडले.

गर्दीतून यांगचेन आली. ती नाचत नव्हती.

"आक्का, यंत्र कुणी लावलं?"

"मी. अगं बघ तरी, चर भरला!"

"संग्राम यायचाय अजून."

"त्याची पिशवी आहे की खुंटीवर."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग वळली आणि उताराकडे पळत सुटली. तिच्यामागे चौघे पळाले. उतार काचेसारखा झाला होता. पाय ठरत नव्हते, आणि ठरले असते तरी जायचं कुठं, वाट होती कुठं? दुपारी तीनला वारा वाढला, पारा वीस अंशांनी खाली घसरला. लोक परत आले. यांगचेनला ओढत आणावं लागलं.

संग्राम चौथ्या दिवशी सापडला. तो त्याच दुपारी धारेवर पोचला होता, कबूल केल्यापेक्षा एक दिवस आधी. खाली बघितलं तर सगळं पांढरंफटक. हातातलं यंत्र मेलेलं. त्यानं अंदाजानं डावी घळ धरली. गावाची घळ उजवी. गावापासून सहाशे मीटरवर एक मोठी वळकटी घळीत अडकून पडली होती. वाऱ्यापासून आडोसा म्हणून तो तिच्या पोकळीत शिरून बसला होता. औषधांची पेटी छातीशी, काखेत बॅटरी. मी सांगितलं होतं ना, काखेत धर म्हणून.

चौकशीला खालून तिघे अधिकारी आले. शाळेच्या खोलीत बसले. मी माझं वाक्य तीनदा बोलले. त्यातल्या वयस्कर बाईंनी नियमावली उघडली आणि चष्मा वर करून विचारलं, "होती हे कळलं. पण उलटी होती की सुलटी?"

मी तोंड उघडलं, शपथेवर सांगते, उघडलं होतं.

"उलटी," मागून आवाज आला. यांगचेन. पोट दिसायला लागलं होतं तिचं. मला तोवर माहीतही नव्हतं. "उलटी होती. मी बघितली. डाकवाल्या नवांगनं चुकून उलटी टांगली असंल."

नवांग दाराशी उभा होता. त्यानं मान खाली घातली आणि हो म्हणाला. सरपंच हो म्हणाले. एकतीस घरांनी एकामागून एक हो म्हटलं. बाईंनी लिहून घेतलं: मानवी चूक, चालक निर्दोष.

बाहेर आल्यावर मी तिचा हात धरला. "यांगचेन, तू का..."

तिनं हात सोडवून घेतला. "नवांगनं आठ तारखेला पिशवी आणून माझ्या हातात दिली. संग्रामनं पाठवली होती, रेघ बुजली असंल, नवी ओढ म्हणून. नऊला सकाळी मी वर जाऊन रेघ ओढली. धारेपर्यंत. हे पोट घेऊन. खाली आले, पिशवी टांगली. मी टांगली, आक्का. सुलटी."

मी जायला वळले.

"तुम्ही बघितलंत. तुमची नजर अशी तशी नाही. बर्फाचा एक कण उलटा बसला तरी तुम्हाला कळतो."

बघितलं होतं. आता लपवून कुणाला फसवू? मी त्या खुंटीसमोर अर्धा मिनिट उभी होते. शिवण आत होती, गुळगुळीत बाजू बाहेर. मी मनाशी म्हटलं, संग्राम तो, शाळेचा शर्टसुद्धा उलटा घालून जायचा, पिशवी उलटी करायला विसरला असेल. घरी जाऊन विचारायचं होतं फक्त. वेशीपासून त्याचं घर सात मिनिटांवर. माझ्या हातात चाळीस मिनिटं होती. मी गेले नाही, कारण गेले असते तर कळलं असतं. आणि कळलं असतं तर बटण दाबता आलं नसतं. एवढं सगळं मला त्या अर्ध्या मिनिटात स्पष्ट ठाऊक होतं.

"मग खरं सांगायचंस," मी कशीबशी म्हणाले. "मला तुरुंगात घालायला लावायचंस."

"आणि यंत्र कोण चालवणार? वारा ओळखता कुणाला येतो, तुम्हाला सोडून?" तिचा आवाज जराही चढला नाही. "काल रात्री गाव बसलं होतं. सगळ्यांनी ठरवलं. तुम्ही कुठं जायचं नाही. कराडला नाही, तुरुंगात नाही. दरवर्षी तुम्हीच यंत्र लावायचं. माझा नवरा गेलाय त्या पाण्यात, ते फुकट जाऊ देणार नाही मी."

एप्रिलमध्ये चर उघडला. पाणी धरायला सोपं जावं म्हणून वळकट्या करवतीनं कापायच्या होत्या. ते काम यांगचेननं स्वतःकडे घेतलं आणि मला समोर उभं केलं. पहिल्या काही निव्वळ पांढऱ्या निघाल्या. मग एक अशी निघाली की आत करड्या राखेचा वेढा, त्याच्या आत आणखी एक, अगदी पोकळीपर्यंत, सुरळीच्या वडीतल्या खोबऱ्या-कोथिंबिरीसारखा. यांगचेननं त्यावर बोट फिरवलं, बाहेरून आत.

"ही धारेजवळची असंल," ती म्हणाली. "तिथं मी राख जास्त टाकली होती. थकून यायचा ना तो, दिसायला बरी म्हणून."

अशा दोनशे सव्वीस निघाल्या. प्रत्येक तिनं मला दाखवली. मग त्या पाटात ढकलल्या, पाणी शेतात गेलं, आणि त्या वर्षी मटार असा आला की खालचे व्यापारी तोंडात बोट घालून बघत राहिले. गाव उठवायचा कागद रद्द झाला. मला दिल्लीत बोलावून शाल दिली. यांगचेननं पहिल्या तोडीचा मटार माझ्या ताटात वाढला आणि मी संपवेपर्यंत समोर बसून राहिली.

ऑगस्टमध्ये तिला मुलगी झाली. सोनम. बोलायला लागली तसं तिनं मला आत्या म्हणायला सुरुवात केली, आणि तेवढं एक सुख मला या गावात आहे.

आज पुन्हा नऊ फेब्रुवारी नाही, पण वारा तसाच आहे. शेचाळीस साल. आता खिंडीकडे पायी कुणीच जात नाही. आमचं यश बघून सरकारनं बोगदा दिला. खुंट्यांवरच्या पिशव्या बारा महिने तशाच असतात, उलट्या. फक्त वारा जुळायच्या दिवशी सकाळी यांगचेन घरातून संग्रामची पिशवी आणते, ताजी राख भरून रिकामी केलेली, आणि तिच्या खुंटीला टांगते. सुलटी. मग मला बोलवायला येते.

आज सोनमही बरोबर होती. साडेचार वर्षांची झालीय, सगळ्यात नाक खुपसते. मी भिंतीसमोर नियमाप्रमाणे पिशव्या बघत होते, तर तिनं खुंटीकडे बोट केलं.

"आत्या, ही बघ, चुकलीय. बाकीच्या उलट्या आणि ही सुलटी. मी करू उलटी? मला येतं."

माझ्या तोंडात 'कर' आलंच होतं. एकदा तिच्या हातून ती उलटी झाली असती तर... काय झालं असतं, मला माहीत नाही. मी यांगचेनकडे बघितलं. इतक्या वर्षांत मी तिच्याकडे काही मागितलं नव्हतं, आज डोळ्यांनी मागितलं.

"नाही बाळा," यांगचेन म्हणाली आणि पोरीचा हात अलगद खाली घेतला. "ज्याची त्यानंच उलटी करायची."

"कुणाची आहे?"

"बाबाची."

"बाबा कधी येणार?"

"ते आत्याला विचार. वाट आत्यानं ठेवलीय गुंडाळून." मग माझ्याकडे वळून, नेहमीच्या साध्या आवाजात, "आक्का, वारा सुटलाय. चला."

मी खोपटात आले. नोंदवहीत तारीख घातली, वेळ घातली, आणि दरवर्षी लिहिते ते लिहिलं: 'सर्व पिशव्या उलट्या. उतारावर कोणी नाही.' खाली सही केली. दारात सोनम उभी राहून डोंगराकडे बघत होती, वळकट्या कधी येतात म्हणून टाळ्या वाजवायच्या तयारीत. मी बटण दाबलं.